आमच्या लॅबला सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न: स्कॅफोल्ड, सेल्स आणि टिश्यू परत वाढवण्याची भानगड

आमची लॅब हाड, कूर्चा आणि कातडी यांचं नुकसान झालं की तिथे टिश्यू परत वाढावा म्हणून लागणारी मटेरियल्स बनवते. मेलवर, ओपन डेला, लिफ्टमध्ये सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारले जवळपास तसेच ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मधे मधे "अमुक नंबर बघा" असं येईल, तेवढं चालवून घ्या.

१. तुम्ही लॅबमध्ये किडनी, हृदय वगैरे बनवता का?

नाही हो. "लॅबमध्ये वाढवला अवयव" अशी हेडलाइन येते ती बहुतेक वेळा एखादा पातळ पापुद्रा, नळी नाहीतर पिशवी याबद्दल असते. किडनीसारखा भरीव अवयव बनवून माणसात बसवणं अजून कुणालाच जमलेलं नाही, का ते नंबर ६ मध्ये आहे. आम्ही बनवतो ती परांची. इमारत बांधताना बाहेरून परांची बांधतात ना, तिच्यावर उभे राहून गवंडी भिंत घालतात, तसं स्कॅफोल्ड म्हणजे परांची आणि गवंडी म्हणजे शरीरातल्या सेल्स. काम सगळं गवंडीच करतात, आम्ही फक्त त्यांना उभं राहायला जागा देतो. फरक एवढाच की आमची परांची सोडवायला कुणी येत नाही, तिला आपणहून नाहीसं व्हावं लागतं.

२. "बायो" आहे म्हणजे नैसर्गिकच असणार ना?

नाही, इथे बायो हा शब्द मटेरियल कुठून आलं यासाठी नाही, कुठे वापरलं यासाठी आहे. टायटॅनियमचा स्क्रू पण बायोमटेरियलच. दुसऱ्या महायुद्धात फायटर विमानांच्या कॉकपिटवरचं झाकण फुटून त्याचे तुकडे पायलटांच्या डोळ्यात घुसायचे, आणि हॅरॉल्ड रिडली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरच्या लक्षात आलं की साधी काच गेली तर डोळा चिडतो पण हे ॲक्रिलिक गेलं तर बराचसा शांत राहतो. त्याने १९४९ साली लंडनमध्ये तसल्याच प्लास्टिकची लेन्स मोतीबिंदूच्या पेशंटला बसवली. तेव्हा मटेरियलकडून अपेक्षा एवढीच होती की बाबा तू गप्प बस. आता आम्हाला ते गप्प बसलेलं नको असतं, सेल्सशी बोलणारं हवं असतं (नंबर ७).

३. शरीर जखम स्वतःच भरतं की, मग मटेरियल मधे घालायचंच कशाला?

भरणं आणि परत वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक समजला की आमचं निम्मं काम समजलं. खोल भाजलं तर जखम बुजते, पण तिथे व्रण येतो, त्या व्रणाला केस नाहीत, घाम नाही, लवचिकपणा नाही. शरीराला घाई असते, आधी भोक बुजवा बाकीचं नंतर बघू, आणि ते नंतर कधीच येत नाही. लिव्हरचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून जागा भरतो. लहान मुलांच्या बोटाचं अगदी टोक तुटलं तर ते नखासकट परत येऊ शकतं. हाडही व्रण न ठेवता जुळतं, पण मधला तुकडाच गेला आणि गॅप एका मर्यादेच्या पुढे गेली की तिथे हाडाऐवजी नुसता तंतूंचा गोळा भरतो.

कूर्चाची तर बातच नको, तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे दुरुस्तीचं सामान पोचतच नाही. हृदयाच्या स्नायूंच्या सेल्स पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. हे २००९ मध्ये मोजलं गेलं ते शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ वरून, सेलच्या डीएनएमध्ये तो किती आहे त्यावरून तिचं वय काढता येतं. मला ही आयडिया अजूनही भारी वाटते.

४. स्कॅफोल्ड नेमका कशाचा असतो?

टिश्यूवर अवलंबून आहे. मऊ टिश्यूसाठी आम्ही जास्त करून हायड्रोजेल वापरतो, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी जेली, जिलेटिन, हायलुरोनिक ॲसिड, किंवा समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट. अल्जिनेटचं द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात टाकलं की थेंब जागच्या जागी गोठतो, ओपन डेला पोरांना हेच दाखवतो आणि तेच सगळ्यात हिट जातं. मग रेशमातलं फायब्रॉइन नावाचं प्रोटीन आहे, कातडी-हाडात असतं ते कोलॅजेन नावाचं प्रोटीन आहे. माणसाने बनवलेल्यांत पीएलए, पीएलजीए, पीसीएल ही पॉलिमर्स, म्हणजे लांब साखळ्यांची प्लास्टिक्स, विरघळणारे टाके याच खानदानातले.

हाडासाठी हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे आपल्या हाडात असतं जवळपास तेच खनिज, नाहीतर बायोॲक्टिव्ह काच. काच म्हटलं की लोक दचकतात. या काचेची गोष्ट अशी की १९६७ मध्ये लॅरी हेंच नावाचे काचेवर काम करणारे अमेरिकन संशोधक एका कॉन्फरन्सला निघाले होते आणि बसमध्ये शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी बसलेला, त्याने विचारलं की माणसाला उडवून देणारी मटेरियल्स बनवता तर शरीर टाकून देणार नाही असं काही बनवता येईल का. हेंचनी विचार केला की हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं तर काचेतच ते घालू, आणि १९६९ मध्ये जी काच बनली तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फरस. उंदराच्या हाडात बसवलेला तुकडा सहा आठवड्यांनी ओढला तर निघेना, हाडाने त्याला पक्कं धरलं होतं.

५. विरघळतो म्हणता, मग तो जातो कुठे? आणि किती दिवसांत?

पीएलजीए घ्या. पाणी त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतं, शेवटी उरतं लॅक्टिक ॲसिड आणि ग्लायकॉलिक ॲसिड. लॅक्टिक ॲसिड तर जोरात पळालात की तुमच्या स्नायूंतही तयार होतं, त्यामुळे शरीराला ते कसं निस्तरायचं हे माहीत आहे, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निघून जातं. दोन्ही घटक निम्मे निम्मे असतील तर महिना-दोन महिन्यांत खेळ आटोपतो, पीसीएल मात्र दोन वर्षांच्या पुढेही तळ ठोकून बसतं.

खरी गंमत वेळ जुळवण्यात आहे. हाड यायच्या आधी स्कॅफोल्ड गेला तर परत भोकच, आणि फार वेळ राहिला तर सगळा भार तोच उचलतो आणि नवं हाड आळशी होतं, कारण हाडाला दाब मिळाला नाही तर ते झिजतं. त्यात अजून एक खोडी, जाड तुकडा बाहेरून झिजेल असं वाटतं ना, पीएलजीएच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं, आत तयार झालेलं ॲसिड बाहेर पडू शकत नाही आणि तेच ॲसिड साखळ्या अजून भराभर तोडतं, त्यामुळे बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ. मग एके दिवशी ते ॲसिड एकदम बाहेर येतं आणि आजूबाजूला सूज. म्हणून त्यात वरच्या उत्तरातली काच किंवा ॲपेटाइट मिसळतात, ते ॲसिड थोडंफार मारतं.

६. त्यात एवढी भोकं का असतात? मजबूत नको का?

मजबूत हवं, पण आत सेल्स जगायला हव्यात ना. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक-दोन पट, त्यापलीकडची सेल गुदमरते. म्हणून हाडासाठी भोकं कमीत कमी १०० मायक्रॉनची, ३०० च्या आसपास असली तर अजून बरं, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात. आणि भोकं एकमेकांना जोडलेली हवीत, नुसती असून उपयोग नाही, घरात दहा खोल्या आणि दार एकालाही नाही असं नको. करायची एक जुनी पद्धत म्हणजे पॉलिमरमध्ये मिठाचे खडे घालायचे आणि नंतर पाण्यात ठेवून मीठ काढून टाकायचं, हसू नका, खरंच चालतं.

भरीव अवयव अडकतो तो इथेच. रक्तवाहिन्या दिवसाला मिलिमीटरभरही आत सरकत नाहीत, तोपर्यंत मधल्या सेल्स गेलेल्या असतात. पातळ कातडी जमते, मूत्राशयासारखी पातळ भिंतीची पिशवी जमू शकते, कूर्चाला मुळात रक्तवाहिन्या नकोच असतात म्हणून तिथेही जरा सूट आहे.

७. सेलला कसं कळतं की हाड व्हायचंय की स्नायू?

रासायनिक सिग्नल असतातच, पण सेल पायाखालची जमीन पण चाचपून बघते. २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, एकाच प्रकारच्या स्टेम सेल्स (म्हणजे पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या होऊ शकणाऱ्या सेल्स), तेच खाणं, फक्त खालची जेल वेगवेगळ्या कडकपणाची. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे एक किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, त्या नर्व्ह सेल्ससारख्या दिसायला लागल्या, दहाच्या आसपास स्नायूसारख्या आणि पंचवीस ते चाळीसमध्ये हाडाच्या वाटेला लागल्या. आता विचार करा की इतकी वर्षं आपण सगळे सेल्स वाढवतोय त्या प्लास्टिकच्या डिशवर, जी यापेक्षा हजारो लाखो पटींनी कडक आहे. डिशमध्ये झकास चाललेली गोष्ट शरीरात बोंबलते त्याचं एक कारण हेही आहे.

८. शरीर हे रिजेक्ट नाही करत?

किडनी रिजेक्ट होते तसं नाही, कारण तिथे भांडण दुसऱ्या माणसाच्या सेल्सशी असतं आणि आमच्या बऱ्याच मटेरियलमध्ये सेल्सच नसतात. पण शरीर सोडत नाही. आत गेल्या गेल्या काही सेकंदांत त्याच्यावर रक्तातली प्रोटीन्स चिकटतात, मग पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचं काही दिसलं की खाऊन टाकणाऱ्या मोठ्या पेशी. मॅक्रोफेज खायचा प्रयत्न करतात, खाता येत नाही म्हणून दोन-चार-दहा एकत्र येऊन एक राक्षसी सेल बनते, तरीही जमलं नाही तर भोवती तंतूंची भिंत बांधून टाकतात, जा म्हणे, पड तिथेच. पूर्वी वाटायचं की मॅक्रोफेजला दूरच ठेवलं पाहिजे. आता कळलंय की त्यांचे मूड असतात, एक भांडणाचा आणि एक दुरुस्तीचा, आणि दुरुस्तीच्या मूडमध्ये आणायचं असेल तर भोकांचा साइझ, कडकपणा, विरघळायचा वेग यानेच बरंच काही ठरतं.

९. स्टेम सेल्स लागतातच का? गर्भातल्या वापरता का?

लागतातच असं नाही, आणि गर्भातल्या आम्ही वापरत नाही. आमच्याकडे असतात त्या मोठ्या माणसांच्या अस्थिमज्जेतल्या नाहीतर चरबीतल्या. ऑपरेशनमध्ये निघालेला आणि एरवी फेकला जाणारा टिश्यू पेशंटच्या लेखी संमतीने हॉस्पिटलमार्फत येतो, आमच्यापर्यंत नाव येत नाही, फक्त कोड. थेट आम्हाला काही पाठवू नका प्लीज, दाताची डबी एकदा आली होती.

खरं सांगायचं तर मी स्वतः सेल्सशिवायच्या स्कॅफोल्डच्या बाजूची आहे. जिवंत सेल्स घातल्या की खर्च, साठवण, तपासण्या सगळं दहापट किचकट होतं. पेशंटच्याच सेल्स बोलवून घेता आल्या तर उत्तमच.

१०. उंदराच्या पाठीवर माणसाचा कान, तो फोटो खरा होता की एडिट केलेला?

फोटो खरा, समज खोटा. १९९७ मधला प्रयोग आहे तो, विरघळणाऱ्या पॉलिमरचा कानाच्या आकाराचा साचा, त्यावर गाईच्या कूर्चाच्या सेल्स, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली ठेवला. माणसाची सेल एकही नाही, जीनमध्ये फेरफार नाही, आणि त्या कानाला ऐकू तर नक्कीच येत नव्हतं.

११. गाय, डुक्कर यांचं काही असतं का यात?

हो, असू शकतं आणि पेशंटला विचारायचा पूर्ण हक्क आहे. कोलॅजेन बरंच गाईचं किंवा डुकराचं असतं, कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं. डुकराच्या टिश्यूतल्या सेल्स धुऊन काढून नुसती जाळी वापरतात, त्यातही मूळ प्राणी डुक्करच. नको असेल तर सर्जनला आधी सांगा, सिंथेटिक पर्याय बऱ्याच ठिकाणी असतात, सगळीकडे नसतात. ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा.

१२. थ्रीडी प्रिंटर आहे ना, मग प्रिंट करून टाका की

आकार प्रिंट होतो, टिश्यू प्रिंट होत नाही. सीटी स्कॅनवरून कवटीच्या भोकात फिट्ट बसेल असा तुकडा काढणं आता अवघड राहिलेलं नाही. सेल्स मिसळलेली शाई मात्र नाजूक, पातळ केली तर पसरते, घट्ट केली तर सुईतून जाताना दाबाने सेल्स मरतात. आणि प्रिंट झाल्यावर ऑक्सिजनचा प्रश्न तिथेच उभा (नंबर ६).

१३. मग आज पेशंटला प्रत्यक्षात काय मिळतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच आणि हेडलाइनपेक्षा बरंच कमी. खोल भाजलेल्यांसाठी यानास आणि बर्क या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलेली दोन थरांची कातडी, खाली गाईचं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चातलं कॉन्ड्रॉइटिन, वर सिलिकॉनचा पातळ थर, अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. साधारण तीन आठवड्यांत खालच्या थरात पेशंटच्या सेल्स घर करतात, मग सिलिकॉन सोलून वर त्याच्याच कातडीचा अगदी पातळ थर लावतात. गुडघ्याच्या कूर्चासाठी पेशंटच्याच सेल्स वाढवून कोलॅजेनच्या पडद्यावर लावून बसवायची पद्धत आहे, २०१६ पासून अमेरिकेत मान्य. हाडाच्या गॅपमध्ये भरायचे खनिजांचे दाणे आणि दातांच्या हाडासाठीचे पडदे तर रोजच्या वापरात आहेत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हातापायाच्या फाटलेल्या धमनीसाठी लॅबमध्ये वाढवून मग सेल्स धुऊन काढलेली रक्तवाहिनीही तिथे मान्य झाली.

१४. पेपर छापून येतो आणि मग पंधरा वर्षं काहीच नाही, असं का?

कारण पेपरमध्ये एक तुकडा चालला हे दाखवायचं असतं आणि पेशंटसाठी हजारावा तुकडाही तसाच आहे हे दाखवायचं असतं. आधी आयएसओ १०९९३ च्या, म्हणजे मटेरियल शरीराला सुरक्षित आहे का हे तपासायच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चाचण्या, त्यात सगळ्यात पहिली सेल्स मरतात का ही, ७० टक्क्यांपेक्षा कमी जिवंत राहिल्या तर मटेरियल विषारी असू शकतं असं धरतात. मग प्राणी, आधी छोटे मग मेंढीसारखे मोठे, मग माणसांवरच्या ट्रायल्स.

आणि निर्जंतुक करणं हा एक स्वतंत्र छळ आहे. मी नवीन असताना पीसीएलचे स्कॅफोल्ड नेहमीच्या सवयीने ऑटोक्लेव्हला (गरम वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावले, तिथे १२१ डिग्री, पीसीएल वितळतं ६० ला. दार उघडलं तर ट्रेमध्ये चकत्या. गॅमा किरणांनी करावं तर साखळ्या तुटून विरघळायचा वेग बदलतो, म्हणजे नंबर ५ मधलं सगळं गणित परत.

१५. हे कधी फसलंय का?

फसलंय, आणि त्याबद्दल आमच्या क्षेत्राने जास्त बोललं पाहिजे. पाओलो मॅकियारिनी या सर्जनने २०११ पासून स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर पेशंटच्या स्टेम सेल्स लावून ती बसवायला सुरुवात केली, जगभर कौतुक झालं. प्राण्यांवरचा पुरेसा आधारच नव्हता. ज्यांना त्या नळ्या बसवल्या त्यातले बहुतेक जण गेले, आणि २०२३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्याला तीन पेशंटच्या बाबतीत दोषी धरून अडीच वर्षांची शिक्षा दिली.

अशी फसवणूक नसतानाही गोष्टी फसतात. लॅबमध्ये वाढवलेल्या मूत्राशयाचे सात पेशंटवरचे निकाल २००६ मध्ये आले तेव्हा सगळे खूश, पण पुढच्या ट्रायलमध्ये मुलांना तेवढा फायदा दिसला नाही. हाड वाढवणारं बीएमपी-२ हे प्रोटीन कमरेच्या मणक्यासाठी मान्य होतं, लोकांनी मानेत वापरलं, तिथे सूज येऊन श्वास अडकायला लागला आणि २००८ मध्ये अमेरिकेत इशारा काढावा लागला. तेच औषध, फक्त जागा दुसरी.

१६. मला डायबेटिस आहे / मी सिगरेट ओढतो / कॅन्सर होऊन गेलाय, माझ्यावर चालेल का?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. डायबेटिसमध्ये मॅक्रोफेज भांडणाच्या मूडमध्येच अडकून राहतात (नंबर ८) आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून तेच मटेरियल हळू चालतं किंवा चालतच नाही, शुगर ताब्यात आणणं हा उपचाराचाच भाग समजा. सिगरेटमुळे बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, बरेच सर्जन हाडाच्या ऑपरेशनआधी बंद करायला लावतात ते उगाच नाही.

कॅन्सरच्या बाबतीत नुसतं मटेरियल आणि वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन घातलेलं मटेरियल यात फरक करा. सेल्सना वाढा वाढा म्हणणारं प्रोटीन कुठल्या सेल्स ऐकतील हे ठरवत नाही. पायाच्या डायबेटिक जखमांवर लावायच्या अशाच एका जेलवर अमेरिकेत २००८ मध्ये कॅन्सरबद्दल ठळक इशारा छापायला लावला होता, पुढे जास्त माहिती जमल्यावर २०१८ मध्ये तो काढला. म्हणजे घाबरून जाऊ नका पण डॉक्टरपासून लपवू पण नका.

१७. एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन कूर्चा परत आणतो म्हणतात, घेऊ का?

तुमचा डॉक्टर मी नाही, पण मी असते तर चार प्रश्न विचारले असते. सेल्स कुठल्या, गुडघ्यात त्या टिकून कशा राहणार, ट्रायल नोंदवलेली आहे का, आणि ट्रायल आहे म्हणता तर पैसे मी का देतेय. सुटी सेल्स सांध्यात सोडली की त्यातल्या बऱ्याचशा काही दिवसांत नाहीशा होतात, बसायला जागाच नसते, परांचीशिवाय गवंडी. आणि गुडघा, पाठ, डोळा, केस सगळ्याला एकच इंजेक्शन असेल तर मी तिथून उठले असते.

याच्याच जोडीला येणारा प्रश्न: कोलॅजेनची पावडर खाऊन कूर्चा वाढेल का. पोटात गेलं की ते पचतं, त्याचे तुकडे होतात, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाहीत.

१८. माझ्या वडिलांना तुमच्या ट्रायलमध्ये घ्याल का?

असे मेल वाचायला खरंच जड जातं, पण आम्ही पेशंटवर काही करत नाही, आम्हाला तशी परवानगीही नाही. ट्रायल हॉस्पिटल्स चालवतात आणि सरकारी रजिस्ट्रीत त्या सगळ्यांना दिसतात, तिथे आजाराचं नाव टाकून शोधा आणि सापडलेली ट्रायल त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रिपोर्ट आम्हाला पाठवू नका, ते खासगी असतात आणि आम्ही ते न उघडता डिलीट करतो.

१९. मला या फील्डमध्ये यायचंय, कुठला विषय घेऊ?

कुठलाही. आमच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीवाले आहेत, मेकॅनिकलवाले आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, आणि टेक्स्टाइल शिकून आलेला एक जण आहे जो धागे आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले काढतो. इंटर्नशिपसाठी लिहिताना आमचा एखादा पेपर वाचून त्यातलं काय पटलं नाही ते दोन ओळीत लिहा, स्तुती नको. आणि हो, पहिले दोन महिने पिपेट धरून सेल्सना खायला घालण्यात जातात, शनिवार-रविवार सेल्सना माहीत नसतो.